डावा उशिरा येतो

माझ्या मामाला दोन हात होते. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण नीट हिशेब केलात तर तुमच्याआमच्यासारख्यांना प्रत्येकी दीडच हात असतो. उजवा काम करतो आणि डावा त्याच्या शेजारी, साहेबाची फाइल धरून उभ्या असलेल्या कारकुनासारखा, नुसता मान डोलावतो. मामाचे दोन्ही हात साहेब होते. एक दुसऱ्याला विचारून काही करत नसे, आणि तरी दोघांचं कधी भांडण झालेलं कुणी पाहिलं नाही.

सकाळी मामा स्वयंपाकघरात शिरला की आम्ही भाचरं दाराशी गर्दी करायचो. डाव्या हाताने तो दूध सावकाश, उलटं ढवळायचा. त्याच वेळी उजव्या हाताने शेजारच्या पातेल्यातली भाजी भराभर, सुलटी परतायचा. तोंड मोकळं असायचं, त्याने तो मामीशी वाद घालायचा. मग दोन हातांत दोन अंडी घेऊन ती कढईच्या काठावर एकदम फोडायचा. अंडी दोन, पण आवाज एकच यायचा. टक्. मामी म्हणायची, "तुमच्या हातांनी एकेक स्वतंत्र लग्न करायला हवं होतं. मी एकटी दोघांना पुरी पडत नाही."

हे कौशल्य जन्मजात नव्हतं. मामा पाच वर्षांचा असताना त्याच्या आत्याने त्याला पियानोपुढच्या स्टुलावर बसवलं. खाली पाय पोचावेत म्हणून लाकडी खोका ठेवला. ही आत्या प्रेमळ होती असं सगळे सांगतात, पण ते सगळे तिच्याकडे पियानो शिकलेले नव्हते. दोन्ही मनगटांवर ती एकेक काड्यापेटी ठेवायची. वाजवताना पेटी पडली की धडा पहिल्यापासून. उजव्या हाताची चाल वेगळी, डाव्याची वेगळी, आणि दोन्ही पेट्या जागच्या जागी. मामा म्हणायचा की सातव्या वर्षापर्यंत त्याच्या आयुष्यात काड्यापेट्या पडण्याखेरीज दुसरं काही घडलंच नाही. मग एक दिवस त्या पडेनाशा झाल्या.

पुढे त्याने हाच प्रयोग माझ्यावर केला. माझे दोन हात म्हणजे सख्खे जुळे. एकाने नाक खाजवलं की दुसऱ्याला खाज सुटते. सहा महिन्यांनी मामाने काड्यापेट्या उचलून मामीला परत दिल्या आणि माझ्या आईला सांगितलं की पोरगा हुशार आहे, त्याला काहीतरी बसून लिहायचं काम दे.

मामाची नोकरी एका नाचाच्या वर्गात होती. खाली छापखाना, वर दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग. लांब खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, समोरच्या भिंतीला मुलींनी धरायचा लाकडी दांडा, आणि कोपऱ्यात उभा पियानो. छापखान्याचं मोठं यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची आणि आरशातल्या मुली पाण्यात असल्यासारख्या दिसायच्या. पियानोची एक पट्टी दाबली की खालीच राहायची. वाजवता वाजवता मामा डाव्या करंगळीने ती उचलून परत जागेवर ठेवायचा, आणि चालीत केसाइतकाही फरक पडायचा नाही. वर्ग चालवणाऱ्या बाई उंच, काटक आणि कडक होत्या. त्यांच्या हातात एक वेताची काठी असे. ती त्यांनी कुणाला मारली नाही, पण ती जमिनीवर आपटली की छापखान्यातले लोकसुद्धा सरळ उभे राहत असावेत. बावीस वर्षं बाई मोजत होत्या आणि मामा वाजवत होता. एवढ्या काळात दोघांनी एकमेकांना चहा घ्या यापलीकडे काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

माझी मुलगी याच वर्गात जायची. घरातली कुठलीही वस्तू आणायला ती गिरक्या घेत जात असल्यामुळे तिचं नाव भिंगरी पडलं होतं. वय वर्षं दहा. तिला मामाने एक गुपित सांगितलं होतं, ते तिने मला सांगितलं. नाचणारीचे हात आणि मान पियानो वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताचं ऐकतात, कारण गाणं तिथे असतं. पाय मात्र डाव्या हाताचं ऐकतात. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, यातला तो जड 'एक' डावा हात देतो, आणि पाऊल त्याच्यावर पडतं.

"म्हणजे माझे पाय मामाआजोबांच्या डाव्या हाताला बांधलेत," ती म्हणाली. आम्ही सगळे हसलो होतो.

एप्रिलमधल्या एका सकाळी मामाने अंडी फोडली आणि मामीने मागे वळून पाहिलं. आवाज दोन आले होते. टक्, टक्. मामाने आणखी दोन अंडी घेतली. टक्, टक्. सहा अंडी फोडून झाली तेव्हा मामी म्हणाली, आज घरात पाहुणे येणार आहेत का.

"डावा उशिरा येतोय," मामा म्हणाला.

"साठी उलटली तुमची. उजवा वेळेवर येतो त्याचं कौतुक करा."

मामाने कौतुक केलं नाही. तो आठवडाभर स्वयंपाकघरात जाऊन अंडी फोडत राहिला. घरात सगळ्यांना त्या आठवड्यात तिन्ही त्रिकाळ आम्लेट मिळालं. शेवटी मे महिन्यात तो मला घेऊन डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने मामाला बोटांची टोकं अंगठ्यावर भराभर टेकवायला सांगितली. तळहात मांडीवर उलटसुलट आपटायला सांगितला. मामाने ते असं केलं की डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली, मग बाहेरच्या नर्सला हाक मारून बोलावलं, आणि मग स्वतःची बोटं काढून मामाशी शर्यत लावली. तो हरला. मामाच्या उजव्या हाताशी हरला, ते ठीक. डाव्याशीही हरला.

मामा हसत नव्हता. तो म्हणाला, "डॉक्टर, हा माझा डावा नव्हे. माझा डावा याच्याआधी पोचायचा."

"अहो, माझ्या उजव्यापेक्षा तुमचा डावा बरा आहे," डॉक्टर म्हणाला. "मला असे रोगी रोज मिळोत."

नर्स हसली. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे अनेकदा मला ते हसू आठवलं. डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. जिना उतरताना मामा म्हणाला, "पास झालो," आणि त्याचा चेहरा नापास झालेल्या मुलाचा होता.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आम्ही समजलो, गोळ्या लागू पडल्या. खरं तर मामाने वेगळंच औषध काढलं होतं. डावा उशिरा येतो तर उजव्याने त्याची वाट पाहायची. चालीतला 'तीन' तो किंचित ताणायचा, इतका किंचित की ऐकणाऱ्याला ती लय नसून लाड वाटावेत, आणि तेवढ्यात डावा धापा टाकत 'एक'वर येऊन पोचायचा. पन्नास वर्षांहून जुनी कला त्याने या एका लपवाछपवीला लावली. वर्गात कुणालाच कळलं नाही. बाईंना वाटलं, मास्तरांच्या वाजवण्यात या वयात गोडवा आलाय. त्यांनी मुलींना सांगितलं, ऐका, नुसतं मोजू नका, मास्तर जिथे श्वास घेतात तिथे तुम्हीही घ्या. मुली गुणी होत्या. त्यांनी घेतला.

डिसेंबरात त्यांची परीक्षा होती. बारा मुली, तीन नाच. पहिला फेब्रुवारीत बसवलेला, दुसरा जूनमध्ये, तिसरा ऑक्टोबरात. परीक्षा दुसऱ्या एका सभागृहात होती आणि त्या वर्षी परीक्षा घेणाऱ्यांनी ठरवलं होतं की सगळ्या वर्गांना सारखंच, आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत लावायचं, म्हणजे कुणाला तक्रार नको. चाली त्याच, फक्त वाजवणारा यंत्रातला. मी पालकांच्या रांगेत बसलो होतो. मामा माझ्या शेजारी, हात मांडीवर.

पहिला नाच झकास झाला. दुसऱ्यात मला काहीतरी खटकलं, पण मला ढेकर आणि ढोल यांत फरक कळायला वेळ लागतो, म्हणून मी गप्प बसलो. तिसऱ्यात मात्र मलाही कळलं. संगीत 'एक' म्हणायचं आणि पावलं त्याच्यानंतर पडायची. एका मुलीची चूक असती तर ती लपली असती. इथे बाराच्या बारा जणी, एकाच मापाने, शिस्तीत, पाठ ताठ ठेवून, एकत्र उशिरा येत होत्या. समोरच्या माणसाने मान डोलावल्यावर सावलीने नंतर डोलवावी तसं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी मामाकडे पाहिलं. तो मुलींच्या चेहऱ्यांकडे पाहत नव्हता. त्यांच्या पावलांकडे पाहत होता, आणि त्याचा उजवा हात मांडीवर हळूहळू ठोके मोजत होता.

परीक्षकांच्या कागदावर शेरा होता: एकी उत्तम, ताल नाही. बाराही मुलींना मार्चमध्ये पुन्हा परीक्षा द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मामाला वर्ग सुटल्यावर थांबवून घेतलं. भिंगरीला न्यायला मी आलो होतो, म्हणून दारात होतो. बाईंनी मामाला तिसऱ्या नाचाची चाल वाजवायला सांगितली आणि स्वतः डोळे मिटून काठीने जमिनीवर मोजायला लागल्या. दहा-बारा ठोक्यांनंतर त्यांनी काठी उचलून धरली. मामाही थांबला.

"मीच तुमच्याबरोबर लंगडत होते," बाई म्हणाल्या. "कधीपासून?"

"एप्रिल."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"डॉक्टरला सांगितलं. बायकोला सांगितलं. या भाच्याला सांगितलं. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्हाला लगेच पटलं असतं, आणि तुम्ही मला बसू दिलं नसतं."

बाई काठीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घ्या."

मामी त्या संध्याकाळी पहिल्यांदा रडली. मामाला मात्र उत्साह आला होता, आणि तो उत्साह बघवत नव्हता. त्याच्याकडे आता पुरावा होता. पहिला डॉक्टर बोटं बघून फसला. दुसऱ्याला तो बोटं दाखवणारच नव्हता. तो भिंगरीचे पाय दाखवणार होता.

या वेळचे डॉक्टर म्हणजे मेंदूच्या विकारांच्या तज्ज्ञ बाई होत्या. केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. मामाने त्यांना सांगितलं की माझ्या दुखण्याची नोंद मी बरोबर आणली आहे, आणि तिला नाचायला थोडी जागा लागेल. डॉक्टरीणबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या उठून बाहेर आल्या. बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकांवर बसलेल्या रोग्यांनी पाय आत ओढून घेतले, एका म्हाताऱ्याने आपली चाकांची खुर्ची मागे घेतली, आणि माझ्या मोबाइलवर परीक्षेतल्या चाली लावून भिंगरी मोजे घालून नाचली.

"हा फेब्रुवारीतला," मामा म्हणाला. पाऊल ठोक्यावर पडलं.

"हा जूनमधला." पाऊल ठोक्याला घासून गेलं.

"आणि हा ऑक्टोबर."

डॉक्टरीणबाईंनी तिसरा नाच पुन्हा बघायला मागितला. दुसऱ्यांदा त्या नाचाकडे कमी आणि मामाच्या मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे जास्त पाहत होत्या. चाकांच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, दवाखान्याने रोग्यांची करमणूक ठेवली आहे.

मेंदूची छायाचित्रं काढली. त्यात एक गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी पेन्सिलच्या टोकाने दाखवलं. मेंदूचे दोन भाग, आणि मधे त्यांना जोडणारा पूल. डाव्या हाताला निरोप धाडणारी जागा उजव्या भागात, आणि गाठ तिथून सुरू होऊन पुलाकडे सरकलेली. त्या म्हणाल्या की अगदी लहान वयात, सहा-सात वर्षांच्या आत, दोन्ही हातांनी वाजवायला लागलेल्या लोकांचा हा पूल इतरांपेक्षा जाड असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. दोन्ही हातांची इतकी ये-जा त्याच्यावरून झालेली असते. "दुसऱ्या कुणाच्या हातातून कप पडला असता आणि तो वेळेत आला असता. यांचे रस्ते इतके रुंद, की निम्मे बंद झाले तरी वाहतूक चालूच राहिली."

आत्याच्या काड्यापेट्या मला आठवल्या. त्यांनी आधी हात घडवले आणि नंतर त्या हातांचं दुखणं झाकून ठेवलं.

"मे महिन्यात कळलं असतं तर?" मी विचारलं.

"लहान असणार तेव्हा," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल खाली ठेवली.

मामा जवळजवळ समाधानाने माझ्याकडे वळला. "मी म्हणत नव्हतो?"

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. जेवढी काढता आली तेवढी गाठ काढली. बाकीची राहिली. मामा घरी आला तेव्हा डावा हात त्याच्याबरोबर आला होता एवढंच. तो पांघरुणावर पडून असायचा, परगावाहून आलेल्या आणि घरात कुणाला न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखा. मामी तो उचलून पुसायची, परत ठेवायची. एकदा ती त्याला म्हणाली, "आता तरी एकाच हाताने माझ्याशी बोला." मामा हसला, पण अर्ध्याच चेहऱ्याने.

डॉक्टरीणबाईंनी किती दिवस ते सांगितलं होतं. मामाने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलींची परीक्षा कधी आहे. मार्चच्या वीस तारखेला. त्याने मनाशी काहीतरी मोजलं.

अकरा मुलींना बाईंनी ध्वनिमुद्रणावर पुन्हा घडवलं. पंधरा दिवसांत त्या सुधारल्या. भिंगरी सुधारेना. ती वर्गात सगळ्यांत चांगली होती, म्हणजे सगळ्यांत चांगलं ऐकणारी होती, म्हणून मामाचा उशीर तिच्यात सगळ्यांत खोल उतरला होता. बाईंनी काठी आपटून पाहिली, समजावून पाहिलं. मग त्या तिला घेऊन मामाकडे आल्या, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहून म्हणाल्या की मास्तर, हे तुमचं तुम्हीच काढा.

मामाने काढायला घेतलं. रोज दुपारी शाळेतून आल्यावर भिंगरीने त्याच्या पलंगाशी उभं राहायचं. मामा उजव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या लाकडी कडेवर ठोके द्यायचा. गाणं नाही, नुसते ठोके. पाऊल चुकलं की पहिल्यापासून. काही दिवसांनी त्याने मामीकडून दोन काड्यापेट्या मागवल्या, भिंगरीला खुर्चीवर बसवलं आणि त्या तिच्या दोन्ही पावलांवर ठेवल्या. टाच जमिनीवर, फक्त चवडा उचलायचा, ठोक्यावर टेकवायचा, पेटी पडता कामा नये. पेट्या पडत राहिल्या. स्वयंपाकघरात मामीला तो आवाज ऐकू यायचा. मी संध्याकाळी तिला न्यायला जायचो तेव्हा मामाचा चेहरा घामाने ओला असायचा आणि माझी मुलगी ओठ दाबून बसलेली असायची.

फेब्रुवारीच्या शेवटी ती हट्टाला पेटली. तिने पेट्या उचलून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाली, "मला नाही बदलायचं. मला तुमचाच ताल आवडतो."

बोलायला मामाला आता जीभ गोळा करावी लागायची.

"तो ताल नाही गं," तो म्हणाला. "तो आजार आहे. तो तुझ्या पायात ठेवून मी कसा जाऊ? आण त्या पेट्या."

तिने आणल्या.

मार्चच्या सात तारखेला मी पोचलो तेव्हा काही पडल्याचा आवाज येत नव्हता. मामाचं बोट लाकडावर पडत होतं आणि तिचं पाऊल जमिनीवर, आणि दोन्ही मिळून आवाज एकच येत होता. स्वयंपाकघराच्या दारात मामी ओला हात पदराला न पुसता उभी होती. मामाचे डोळे मिटलेले होते. त्याने तीन नाच पूर्ण करून घेतले.

"आली वेळेवर," तो म्हणाला आणि बोट थांबवलं. त्यानंतर ते बोट त्याने फारसं उचललं नाही. अकरा तारखेला तो गेला.

वीस तारखेला परीक्षा झाली. बारा मुली, चोवीस पावलं, एकही मागे नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, काठीशिवाय. शेरा होता: ताल पक्का. मी तो कागद घेऊन भिंगरीबरोबर मामीकडे गेलो. मामीने चष्मा लावून तो वाचला, घडी घातली, परत दिला. कौतुक केलं. मग भिंगरीला जवळ घेऊन म्हणाली, "एकदा तो तिसरा नाच करून दाखव मला. परीक्षेतला नको. आधी करायचीस ना, ऑक्टोबरात, तसा."

भिंगरीने बूट-मोजे काढले. पलंग होता ती जागा आता रिकामी होती, तिथे ती उभी राहिली. तोंडाने चाल गुणगुणत तिने सुरुवात केली. पाऊल ठोक्यावर पडलं. ती थांबली, पुन्हा सुरू केलं, 'तीन' मुद्दाम लांबवला. पाऊल ठोक्यावरच पडलं. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, जिवाच्या आकांताने उशिरा यायचा प्रयत्न केला.

"येत नाही, आजी," ती म्हणाली.

मामीने खाली पडलेले तिचे मोजे उचलले, झटकले, एकात एक गुंडाळले.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगलं शिकवलंय त्यांनी."